वाट लांब, वेळ कमी

पृथ्वी पूर्वेकडे फिरत असेल, तर पश्चिमेला निघालेले विमान लवकर का पोहोचत नाही, असे विचारणारा संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो आणि त्याच्या शेवटी पृथ्वी फिरतच नाही असा निष्कर्ष ठोकून दिलेला असतो. प्रश्न चांगला आहे, निष्कर्ष मात्र भोंगळ आहे. सांगलीच्या आयर्विन पुलावर उभा असलेला माणूस पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. पण भोवतीची हवाही जवळजवळ त्याच वेगाने जात असल्यामुळे त्याच्या डोक्यावरची टोपीसुद्धा उडत नाही. विमान या हवेतच तरंगते, त्यामुळे त्याला फरक पडतो तो वाऱ्याचा. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती पाहिलेल्यांना प्रवाहाचा हा हिशेब नवा नाही.

खरी गंमत या वाऱ्याच्या जन्मात आहे. सांगलीच्या अक्षांशावरची हवा तापून उंच चढली आणि उत्तरेला हरिद्वारच्या, म्हणजे सुमारे ३० अंश अक्षांशापर्यंत सरकली, अशी कल्पना करू. तेथे पृथ्वीच्या अक्षापासूनचे अंतर कमी असल्यामुळे जमिनीचा वेग ताशी सुमारे १,४५० किलोमीटरच असतो. उलट, गिरकी घेणाऱ्या नर्तकीने हात आवळले की गिरकी वाढते, त्याच कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाने अक्षाजवळ आलेल्या हवेचा वेग वाढून सुमारे १,७७० होतो. म्हणजे जमिनीच्या तुलनेत ती हवा ताशी ३२० किलोमीटरने पूर्वेकडे धावू लागते. प्रत्यक्षात हवेच्या घुसळणीमुळे हा वेग बराच कमी भरतो, आणि आणखी उत्तरेकडे उष्ण व थंड हवेतील तापमानाचा फरकही असे वारे निर्माण करतो. या वेगवान पट्ट्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते.

पंचांगात सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूळ सांगितलेले असते, पण वैमानिकाला पूर्वेचा प्रवास सहसा कोणत्याही वारी लाभतो.

पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर ध्रुवाजवळून सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. तरीही २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने अटलांटिकवरचा सुमारे १३,९०० किलोमीटरचा नेहमीचा मार्ग सोडून प्रशांत महासागरावरून १५,३०० किलोमीटर उड्डाण केले आणि पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याच्या जोरावर ते सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर, पूर्ण केले.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे जोर धरलेल्या जेट प्रवाहातून ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून अधिक होता. तरी ध्वनीचा अडसर त्याने ओलांडला नव्हता, कारण भोवतीच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने चालले होते.