आधी विमा लोकपाल, मग ग्राहक आयोग

मेडिक्लेम नाकारला गेला की पहिला सल्ला ठरलेला: "ग्राहक मंचात खेचा त्यांना!" हा मंच, म्हणजे आताचा ग्राहक आयोग, बहुतेकांना माहीत असतो. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, मग तारखा पडत राहतात. विमा लोकपालाला, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याला, मात्र लोक 'तसलंच आणखी एक ऑफिस' समजतात, याची मला मनापासून चीड येते.

किरकोळ फरक उरकून टाकतो. लोकपालाकडे फी नाही, वकील चालत नाही, दावा ५० लाखांपर्यंतचाच हवा.

गोंधळ होतो तो क्रमाचा. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ३० दिवसांत पाळावा लागतो. तुमच्यावर तो बंधनकारक नाही. पटला नाही तर आयोगाचा रस्ता मोकळाच. उलट मात्र चालत नाही. आयोगात तक्रार दाखल केलीत की तोच विषय लोकपाल हातात घेत नाही, मग आयोगाचा निकाल लागलेला असो वा नसो. म्हणजे आयोगात आधी धावलात तर फुकटची एक संधी स्वतःच्या हातानं घालवलीत. लोकपालाकडे महिने जातील, तेव्हा आयोगाच्या दोन वर्षांवरही लक्ष ठेवा.

मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल किंवा रक्कम ५० लाखांच्या वर असेल, तर थेट आयोग. एरवी माझं मत पक्कं आहे: आधी लोकपाल.

त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार हवीच. "पूर्वीचा आजार लपवला" असं पत्र आलं की लोक एजंटला व्हॉट्सॲप करतात, टीपीएला (कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) मेल टाकतात आणि तक्रार झाली असं धरून बसतात. ती तक्रार नव्हे. पॉलिसी नंबर, क्लेम नंबर आणि नकाराच्या पत्राची तारीख घालून खुद्द विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर तिथून एका वर्षाच्या आत लोकपाल गाठायचा.

आणि 'बीमा भरोसा' म्हणजे लोकपाल नव्हे. ते इर्डाचं, म्हणजे विमा नियामकाचं, तक्रार पोर्टल. तिथली तक्रार फिरून कंपनीकडेच जाते, निवाडा तिथे होत नाही.