तांब्याच्या पत्र्यावरची गाय

लुकास व्हान लायडनचं १५१० सालचं ‘गवळण’ हे छापचित्र पोस्टकार्डापेक्षा फार मोठं नाही. एका बाजूला गडी, दुसऱ्या बाजूला बादलीवाली बाई आणि मधली जागा अडवून आडवी उभी गाय. त्या काळच्या डच बोलीत दूध काढण्याला चावट अर्थही होता, म्हणजे आपल्या तमाशातल्या गवळणीसारखीच हीसुद्धा खट्याळ. मला मात्र त्या गाईचंच कुतूहल. संत आणि देवदूत छापायच्या काळात तिला मधोमध जागा मिळाली कशी?

थोडं उत्तर जमिनीत आहे. हॉलंडचा बराच भाग पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांचा. चर खणून पाणी काढलं की हा थर स्पंजासारखा आक्रसतो, आणि हवा लागली की सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. शेत करायला गेलेल्यांचं शेतच खाली बसत गेलं, पाणी पुन्हा वर आलं. त्या दलदलीत धान्य पिकेना, गवत मात्र माजलं. मग शेतकऱ्यांनी गाई राखल्या, लोणी नि चीज विकलं आणि धान्य बाल्टिकच्या बंदरांतून जहाजानं येऊ लागलं.

चित्रकार पाउलुस पॉटर १६२५ साली हॉलंडमधल्या एन्खुइझेनला जन्मला. डेन्मार्कचे हडकुळे बैल विकत घ्यायचे, कुरणात चारून गलेलठ्ठ करायचे आणि कसायाला विकायचे, हा धंदा त्या गावाच्या ओळखीचा. १६५० साली त्यानं गुरांची आठ छापचित्रं काढली. मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढायच्या, मग पत्रा आम्लात बुडवायचा. मेण निघालं तेवढंच तांबं झिजतं. मेणावर सुई पेन्सिलीसारखी पळते, म्हणून गळ्याची पोळी, पाठीवरची लव असं सगळं बारकाईनं उतरवता येतं. पॉटर अठ्ठाविसाव्या वर्षीच क्षयानं गेला.

यान स्मितच्या १७४५ सालच्या छापचित्रात गुरं मरून पडली आहेत. रोग बुळकांडीचा, मथळा देवाच्या कोपाचा. ग्रोनिंगेनचा शेतकरी खेर्ट रेइंडर्स याला १७७०च्या दशकात वेगळंच दिसलं. बुळकांडीतून वाचलेल्या गाईच्या वासराला रोग मुद्दाम टोचला, तरी ते सहसा दगावत नव्हतं. मग तो अशीच वासरं निवडून टोचू लागला. त्यांचं संरक्षण आईच्या चिकातून येत होतं. ज्याचा आपण खरवस करतो, त्याच चिकातून.