पार्श्वभूमी : पुळण, टेकडी आणि मांजरेची वाळू

मराठवाड्यात वाळू म्हटली की तहसील, घाटांचे लिलाव आणि रात्री धावणारे हायवा ट्रक आठवतात. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या हा काही इथला विषय नव्हे. तरीही पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळूची पट्टी, आणि तिच्यामागची टेकडी यांच्यातली वाळूची वाऱ्यावरची ये-जा किनारा व्यवस्थापनात कशी समजत गेली, त्याचा एक धागा थेट नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यात येऊन पोचतो.

टेकडीकडे सुरुवातीला संकट म्हणूनच पाहिले गेले. फ्रान्सच्या गॅस्कनी किनाऱ्यावर उडती वाळू शेते आणि घरे गाडत पुढे सरकत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रेमाँतिए या अभियंत्याने तिथे पाइनची झाडे आणि गवत लावून ती अडवण्याचे काम हाती घेतले. वाळू जागच्या जागी बसवायची, एवढेच तेव्हाचे धोरण. आपल्याकडची सुरूची बने बऱ्याच अंशी त्याच विचारातली.

वाळू नेमकी उडते कशी, याचे गणित मात्र विसाव्या शतकात सुटले, तेही समुद्रापासून दूर. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता लिबियन वाळवंटात भटकला, लंडनला परतून त्याने वातबोगद्यात प्रयोग केले आणि 1941 मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. बहुतेक कण जमिनीलगत उड्या मारत जातात, पडताना दुसऱ्यांना उडवतात. साधारण चौथा हिस्सा नुसता घरंगळतो. वाऱ्याचा जमिनीलगतचा वेग दुप्पट झाला तर वाहणारी वाळू सुमारे आठपट होते. खळ्यावर उफणताना जड दाणा जवळ आणि भुसा लांब पडतो, तसे वारा पुळणीवर जाड कण आणि शिंपले मागे ठेवून बारीक वाळू टेकडीकडे नेतो.

वाळवंटातले हे सूत्र किनाऱ्यावर मात्र जसेच्या तसे चालत नाही, कारण तिथे वाळू ओली असते. ओल आली की कण एकमेकांना धरून बसतात आणि हलायला बराच जोराचा वारा लागतो. शिवाय वाऱ्याला धावायला कोरड्या पुळणीची पुरेशी रुंदी हवी. कोकणात तर मोठीच गंमत आहे. सर्वांत जोराचे वारे जून ते सप्टेंबरमध्ये, पण तेव्हाच पाऊस वाळू भिजवतो आणि लाटा पुळण कापून अरुंद करतात. टेकडीला खरी भर मिळते ती नंतर. लाटा वाळू परत आणून टाकतात, ती सुकते आणि उन्हाळ्यातल्या दुपारचे खारे वारे ती आत नेतात. नुसते वाऱ्याचे आकडे पाहून टेकडीचा अंदाज बांधणारा इथे हमखास फसेल.

पुळण आणि टेकडी यांचे खाते एकच आहे, ही मांडणी 1980च्या दशकात पक्की झाली. 1982 मध्ये शॉर्ट आणि हेस्प या संशोधकांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून दाखवले की रुंद, सपाट पुळणीमागे मोठ्या टेकड्या वाढतात, तीव्र उताराच्या पुळणीमागे लहान. 1988 मध्ये सूटी या संशोधकाने दोघींच्या वाळूच्या जमाखर्चाची सांगड घातली. वादळात लाटा टेकडी कापतात ती चोरी नसून ठेव काढणे असते, हे एकदा मान्य केले की टेकडीपुढे भिंत बांधण्याचा हट्ट उरत नाही. नेदरलँड्सने 1990 पासून किनारा वाळू टाकून राखायचे ठरवले. 2011 मध्ये एकाच जागी सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू ओतून ती पसरवायचे काम लाटा आणि वाऱ्यावर सोपवले.

भारतात 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना भरतीरेषेपासून 500 मीटर मोकळे ठेवायला सांगितले. 1991च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने टेकड्या सपाट करण्यावर, त्यांचा आकार बदलण्यावर बंदी घातली आणि 2011 मध्ये त्या सीआरझेड-1 या संवेदनशील वर्गात गेल्या. म्हणजे टेकडीला संरक्षण मिळाले, पण तिला वाळू पुरवणाऱ्या नदीच्या वरच्या पात्राचे काय?

इथे मराठवाडा येतो. गोदावरीच्या मराठवाड्यातल्या बहुतेक खोऱ्यात बेसॉल्ट हा काळा खडक आहे आणि त्याची झीज होऊन मुख्यतः काळी माती होते. नांदेडच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात मात्र ग्रॅनाइट आहे, म्हणून तिथल्या मांजरा नदीच्या वाळूला मागणी. ही वाळू आंध्रच्या किनाऱ्याकडे निघालीच तर मांजरा गोदावरीला मिळते त्या कंदकुर्तीच्या संगमाखाली आधी श्रीरामसागर धरण लागते. वर पैठणला 1976 मध्ये जायकवाडी धरण झालेच होते. धरणांमागे गाळ अडू लागला तसा गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाकडे जाणारा गाळ घटला आणि तिथला किनारा ठिकठिकाणी मागे सरला.

किनाऱ्यावरची टेकडी पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या अधिसूचनेत येते. सीआरझेड नदीत शिरते ते भरतीचा प्रभाव असेल तिथवरच. मांजरेच्या पात्रातली वाळू गौण खनिज असून 1957च्या खनिज कायद्याने ती राज्याच्या अखत्यारीत येते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. महाराष्ट्राने 2023 मध्ये 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले. त्यातली चर्चा मुख्यतः दराची आणि डेपोंची होती.