'10 पौंडांचा लाभ' म्हणजे काय? आयर्लंडच्या मतदार नोंदणीची पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये 1850 साली मताधिकाराचा कायदा बदलला आणि मतदारांची संख्या सुमारे 45 हजारांवरून 1 लाख 63 हजारांवर गेली. पात्रतेची अट बदलली, हे त्याचे एक कारण. दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते. मतदारांच्या यादीत नाव घालण्याचे ओझे मतदाराच्या डोक्यावरून उतरवून कारकुनाच्या टेबलावर ठेवले गेले. त्याआधीची दोन दशके कायद्याने मत असूनही यादीत नाव नसलेली माणसे गावोगावी होती.

अठराव्या शतकातल्या नोंदणीत फार खोल जायचे कारण नाही. 1793 मध्ये कॅथलिकांना मत मिळाले, हयातभराचा भाडेपट्टा मालकीसारखाच धरला जाई, आणि जमीनदारांनी असे पट्टे वाटून वर्षाला 40 शिलिंगांचा, म्हणजे 2 पौंडांचा, लाभ असलेले हजारो मतदार उभे केले. 1828 च्या क्लेअर पोटनिवडणुकीत हेच मतदार जमीनदारांच्या विरोधात गेले. पुढच्याच वर्षी, 13 एप्रिल 1829 रोजी, कॅथलिकांना संसदेची दारे उघडली आणि त्याच दिवशी काउंटीतली, म्हणजे शहरी मतदारसंघ वगळून जिल्ह्यातली, मताची अट 40 शिलिंगांवरून 10 पौंडांवर नेली. काउंटीतले मतदार सुमारे 2 लाख 16 हजारांवरून 37 हजारांवर आले. 1832 च्या सुधारणेनंतरही सुमारे 78 लाखांच्या देशात मतदार जेमतेम 90 हजारांच्या आसपास होते.

नोंदणीची जी पद्धत 1829 मध्ये बसवली, ती 1832 नंतरही तशीच राहिली. इंग्लंडमध्ये पॅरिशचे, म्हणजे गावपातळीचे, गरीब-साहाय्य अधिकारी दरवर्षी यादी करत आणि ती दरवर्षी तपासली जाई. आयर्लंडमध्ये तेव्हा गरीब-साहाय्याची यंत्रणाच नव्हती, त्यामुळे यादी करणारे कोणी नव्हते. ज्याला मत हवे त्याने आधी नोटीस द्यायची, तिमाही न्यायसत्र भरेल त्या गावी कामधंदा सोडून जायचे, पट्ट्याचा कागद दाखवायचा, शपथ घ्यायची आणि विरोधी वकिलाच्या उलटतपासणीला तोंड द्यायचे. सहायक बॅरिस्टरचे, म्हणजे त्या सत्राच्या न्यायाधीशाचे, समाधान झाले की दाखला मिळे. तो 8 वर्षे चाले.

या उलटतपासणीत सगळे अडे ते एका शब्दावर: 'लाभाचा हक्क'. खंड आणि इतर बोजे वजा जाता जमिनीत वर्षाला 10 पौंडांचा लाभ उरला पाहिजे, असे कायदा सांगे. हा लाभ मोजायचा कसा? एक अर्थ साधा होता. कूळ स्वतः राबून त्या जमिनीतून खंडावर 10 पौंड मिळवते का, ते पाहा. दुसरा अर्थ 'ऐपतदार कुळा'चा. दुसरे एखादे खंड भरण्याची ऐपत असलेले कूळ ही जमीन 10 पौंड जादा खंड देऊन घेईल का, ते विचारा. समजा खंड 20 पौंड आहे आणि घरच्या माणसांच्या कष्टांवर कूळ 32 पौंड उभे करते. पहिल्या कसोटीवर ते मतदार ठरते. दुसऱ्या कसोटीवर नाही, कारण ती जमीन 30 पौंड खंडाने घेऊन स्वतःला 2 पौंड ठेवणारा शोधूनही सापडणार नाही. 1829 च्या शपथेत ऐपतदार कुळाचा स्पष्ट उल्लेख होता, 1832 च्या शब्दांत तो उरला नाही. तो मुद्दाम गाळला की नुसता राहून गेला, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. एका काउंटीचा बॅरिस्टर एक कसोटी लावी, शेजारचा दुसरी. तेवढीच जमीन, तेवढाच खंड, पण सीमेच्या अलीकडे मत आणि पलीकडे नाही.

जमीनदाराचा कारभारी समोर बसलेला असताना माझी जमीन खंडापेक्षा 10 पौंडांनी जास्त मोलाची आहे, असे कुळाने भर कोर्टात शपथेवर सांगायचे, याचा अर्थ खेड्यातल्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही. पट्टा संपला की नवा खंड काय लागेल, याचे उत्तर त्याने स्वतःच्या तोंडाने दिलेले असे.

जमीनदारांच्या बाजूचीही तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. 8 वर्षांच्या दाखल्यात माणूस मेला, जमीन सोडून गेला, तरी नाव टिके. दुबार दाखले निघत आणि त्यांवर तोतये मत देत. ज्याचा अर्ज फेटाळला तो वरच्या न्यायाधीशाकडे जाऊ शके, पण चुकीचे नाव घेतले गेले तर हरकतदाराला अपील नव्हते. 1832 चे दाखले 1840 मध्ये संपणार होते. नेमक्या त्याच वर्षी संसदेत दरवर्षी फेरतपासणी आणि दोन्ही बाजूंना अपील देणारे विधेयक आले. ते आणणारा विरोधी बाकांवरचा नेता 1832 चा आयरिश कायदा मांडणाराच होता. यादी शुद्ध करायची, असे तो म्हणे. पण दरवर्षी कोर्टाची पायरी चढायला लावली तर गरीब मतदार यादीतून आपोआप गळेल, हे आयरिश बाजूचे म्हणणे मला जास्त पटते. ते विधेयक तडीस गेले नाही. 1841 मध्ये सरकारने लाभाचा घोळच काढून टाकून गरीब-साहाय्याच्या करासाठी जमिनीचे जे मोल ठरे, त्यावर 5 पौंडांचा मताधिकार सुचवला. दुसऱ्या वाचनात तो अवघ्या 5 मतांनी तरला, पुढे सरकारने आकडा 8 पौंडांवर नेला, तरी विधेयक बुडाले. उन्हाळ्यात सरकारही गेले.

मग दुष्काळ आला. पट्टे संपत होते, जमीनदार नवे देत नव्हते, माणसे मरत होती किंवा जहाजात बसत होती. यादी 45 हजारांवर आली ती अशी.

1850 च्या कायद्याने 1841 मधली कल्पनाच उचलली. 1838 च्या कायद्यानंतर गरीब-साहाय्याच्या करासाठी आकारणी होऊ लागली होती, तीच आधाराला घेतली. काउंटीसाठी सरकारने 8 पौंड मागितले, संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, लॉर्ड्सनी, 15 केले, तडजोड 12 वर झाली. शहरी मतदारसंघांत 8 ठरले. यादी युनियनचा, म्हणजे गरीब-साहाय्य विभागाचा, कारकून करवहीवरून काढू लागला आणि दरवर्षी ती तपासली जाऊ लागली. पट्टा लागेना, लाभ सिद्ध करावा लागेना. मात्र कर थकला की नाव जाई, आणि दरवर्षीच्या तपासणीत पक्षांचे वकील एकमेकांच्या नावांवर हरकतींचे गठ्ठे घेऊन बसू लागले. 1868 मध्ये शहरांची अट 4 पौंडांवर आली, काउंटीची 12 पौंडांवरच राहिली. ती 1884 मध्ये घरटी मताधिकाराने गेली, तेव्हा यादी सव्वादोन लाखांवरून 7 लाखांच्या पुढे पोहोचली.