डिलीट झालेली फाइल सॉफ्टवेअरने कधीही परत मिळते? नाही!

ऑफिसात कुणाची फाइल उडाली की शेजारचा हमखास म्हणतो, "घाबरू नको, रिकव्हरी सॉफ्टवेअर टाक, येईल परत." जुन्या हार्ड डिस्कपुरतं हे बरंचसं खरं होतं. तिथे रिसायकल बिन रिकामी केली तरी फक्त फाइलची नोंद पुसली जाते, मजकूर दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून असतो.

आता बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह, असते आणि तिथलं गणित वेगळं आहे. फाइल कायमची डिलीट होताच विंडोज एसएसडीला 'ट्रिम' नावाची सूचना पाठवतं: ही जागा आता नको. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे. मग ड्राइव्ह ती जागा आपणहून साफ करते. सॉफ्टवेअरला कधी फाइलचं नाव दिसतं, उघडली तर आत नुसती शून्यं!

आणि कृपा करून, ज्या ड्राइव्हवरून फाइल गेली तिथेच ते सॉफ्टवेअर टाकू नका. उरलासुरला मजकूर त्यानेच पुसला जाईल.

आधी कंट्रोल-झेड दाबा, रिसायकल बिन बघा. सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमधली फाइल मात्र सहसा तुमच्या बिनमध्ये येत नाही. तिथे फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स' (आधीच्या जतन झालेल्या प्रती) पाहा किंवा लगेच आयटीवाल्यांना गाठा, बॅकअप त्यांच्याकडे असतो. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. ऑफिसच्या वनड्राइव्हमध्ये साधारणपणे ९३ दिवस.