कॅव्हियारचा चमचा

कॅव्हियार वाढण्यासाठी व खाण्यासाठी वापरला जाणारा छोटा, उथळ चमचा. तो शिंपल्याच्या आतल्या मोतिया थराचा, शिंगाचा, हाडाचा, लाकडाचा, काचेचा किंवा सोन्याचा चालतो; चांदीचा नसावा असा जुना संकेत आहे.

कॅव्हियार म्हणजे स्टर्जन माशाची मीठ लावलेली गाबोळी. हा मासा भारतात सापडत नाही, त्यामुळे मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांत मिळणारे कॅव्हियार परदेशातून थंड पेटीतून येते. मुंबईकरांची गाबोळी वेगळी: कोळणीकडून आणायची, हळद-तिखट लावायचे, रव्यात घोळवून तव्यावर टाकायची. पारशी घरांत तिचे लोणचेही घालतात. एवढ्या मसाल्यापुढे चमचा कशाचा हे कोण बघतो? कॅव्हियारला मात्र ना फोडणी ना मसाला. उत्तम प्रतीच्या कॅव्हियारमध्ये साधारण ३ ते ५ टक्के मीठ असते (रशियन भाषेत त्याला ‘मालोसोल’, म्हणजे कमी मिठाचे, म्हणतात) आणि दाणा जिभेने टाळूवर फोडून तसाच खायचा असतो. तिथे धातूची पुसटशी चवही लपत नाही.

अन्नाला भांड्याची चव लागते हे मराठी स्वयंपाकघराला सांगावे लागत नाही. त्यासाठी ‘कळकणे’ असे स्वतंत्र क्रियापदच आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिले की ते कळकते, म्हणून तर चाळीच्या चौकात कल्हईवाला भाता लावून बसत असे. ताकातले आम्ल तांबे विरघळवते. चांदीच्या बाबतीत आम्लाचा संबंध नाही, तिथे गंधक आडवे येते. अंड्यातल्या प्रथिनांत गंधक असते आणि त्याच्याशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर धरतो. उकडलेले अंडे चांदीच्या चमच्याने खाऊन पाहिले की हे डोळ्यांनी दिसते. माशाचे अंडेही शेवटी अंडेच. उष्टावणाला बाळाला खीर भरवणारा चांदीचा चमचा खिरीसाठी निर्धोक आहे, कॅव्हियारसाठी नाही. त्यात चमचाही काळवंडतो आणि चवही बिघडते.

स्टीलबद्दलची भीती मात्र वाढवून सांगितली जाते. ‘धातूचा चमचा नको’ हा दंडक रूढ झाला तेव्हा स्टेनलेस स्टील नव्हतेच. हॅरी ब्रिअर्ली याने शेफिल्डमध्ये ते १९१३ मध्ये तयार केले. त्याआधीची काटे-चमच्यांची दुनिया चांदीची आणि गंजणाऱ्या पोलादाची होती. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो आणि तोच धातूला अन्नापासून वेगळे ठेवतो. शिवाय कॅव्हियार स्वतः येते ते आतून लाखेचा लेप दिलेल्या पत्र्याच्या डब्यात. घाऊक व्यापारात तर १.८ किलोचा, रबरी पट्ट्याने आवळलेला डबा प्रसिद्ध आहे. तेव्हा घरात दुसरे काही नसेल तर स्वच्छ स्टीलचा चमचा घ्यावा, पाप लागत नाही.

शिंपल्याचा चमचा मोती देणाऱ्या मोठ्या कालवांच्या किंवा गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या कवचातून कापतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इराणच्या आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येऊन इथून युरोपात जात. चमच्याचा थर आणि मोती एकाच द्रव्याचे. ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म फरश्या, एकीवर एक रचून प्रथिनाने चिकटवलेल्या. म्हणून चमच्याची कड कागदासारखी पातळ घासता येते आणि ती दाण्यांच्या खाली अलगद सरकते. दाणा जेमतेम ३ मिलिमीटरचा. जाड कडेच्या चमच्याने तो तिथेच फुटतो आणि खाणाऱ्याच्या वाट्याला नुसता चिकट रस येतो. घेताना चमचा डब्यात वरून सरळ खाली नेतात, ढवळत नाहीत. स्वस्त चमच्यांचा दांडा पितळी खिळ्याने जोडलेला असतो, तो विकत घेताना उलटून पाहावा.

कासवाच्या पाठीचे आणि हस्तिदंताचे चमचे जुन्या सामानाच्या बाजारात कधीमधी दिसतात. हॉक्सबिल कासव आणि हत्ती दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अशा वस्तूच्या वाटेला जाऊ नये.

कोकणातल्या घरांतून मुंबईत आलेला एक पर्यायही आहे: करवंटीची डवली. मीठ आणि लोणचे काढायला धातू नको, या अनुभवातूनच ती टिकली. तिचा छोटा, गुळगुळीत घासलेला अवतार कॅव्हियारलाही चालेल, फक्त तिला खोबरेल चोळलेले नसावे. त्या वासापुढे कॅव्हियारचे काही चालत नाही.

शिंपल्याच्या चमच्याचा खरा शत्रू आम्ल. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागले की कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि चकाकी जाऊन पृष्ठभाग खडूसारखा होतो. तो कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन लगेच पुसावा. भिजत ठेवू नये, भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. मोरीत इतर भांड्यांबरोबर पडला तर भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्यावर तारेची घासणी फिरवणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही.