मसल कार: नियमाला बगल देऊन निघालेली गाडी

मारुती ८००चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं. तेवढ्यावर पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन आपण पसरणीचा घाट चढायचो. १९६४च्या पाँटियाक जीटीओ या अमेरिकन गाडीचा एकेक सिलिंडरच जवळजवळ तेवढा होता, आणि असे आठ. एकूण ३८९ घनइंच, म्हणजे साधारण ६.४ लिटर. एवढं आडमाप इंजिन मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत आलं कसं, हे कळलं की ‘मसल कार’, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन घातलेल्या या अमेरिकन गाड्या, आजही लोकांना चालवाव्याशा का वाटतात तेही उलगडतं.

मोठं इंजिन हलक्या गाडीत घालायची कल्पना जुनी. १९४९च्या ओल्ड्समोबाइल रॉकेट ८८ने ती वापरली होती, आणि कॅलिफोर्नियातली पोरं त्याच्याही आधीपासून जुन्या फोर्ड गाड्यांवर घरच्या घरी तेच करत होती. जीटीओची गोष्ट जास्त गमतीची आहे, कारण तिथे कंपनीच्याच माणसांनी कंपनीचा नियम चुकवला.

१९६३च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून लांब राहायला बजावलं. त्यातल्या पाँटियाक विभागाचं नाव शर्यतींवरच झालेलं, त्यामुळे त्यांची चांगलीच पंचाईत झाली. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असाही दंडक होता. मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स, रस गी यांच्या लक्षात आलं की ३२६ आणि ३८९ घनइंचांची दोन्ही इंजिनं बाहेरून एकाच मापाची आहेत. पाँटियाकच्या टेम्पेस्ट या मध्यम गाडीत एक बसतं, तर दुसरंही बसणार. आणि नियम होता मॉडेलसाठी. गिऱ्हाइकाने जादा पैसे भरून मागितलेल्या ‘ऑप्शन’बद्दल त्यात काहीच नव्हतं! तीनशे डॉलरच्या आत तो ऑप्शन विकायला ठेवला. पाच हजार गाड्या खपतील असा हिशेब होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. ‘जीटीओ’ हे नाव तेवढं फेरारीकडून उचललं, म्हणून युरोपी गाड्यांचे भक्त चिडले.

वेळही जुळून आली होती. युद्धानंतर जन्मलेली पिढी नुकती अठराची होत होती आणि पेट्रोल गॅलनला तीसेक सेंट होतं. डेट्रॉइटहून पाँटियाक गावाकडे जाणाऱ्या रुंद, सरळ वुडवर्ड अव्हेन्यूवर रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. कंपन्यांचे इंजिनिअरही तिथे येत. मग फोर्ड, डॉज, प्लिमथ, शेव्हरोले सगळेच मैदानात उतरले. १९६८च्या प्लिमथ रोड रनरमध्ये तर गालिचाऐवजी रबरी मॅट आणि पुढे सलग बाकासारखी सीट होती. पैसा सगळा इंजिनात. फक्त कार्टूनमधल्या पक्ष्याच्या नावासाठी मात्र वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले.

माझ्या मते खरी ओढ या ओबडधोबडपणातच आहे. उभ्या गाडीला रेस दिली की अख्खी बॉडी एका अंगाला झुकते. इंजिनाच्या क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची, रचना अशी की एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत, म्हणून तो अडखळत घोगरा गुरगुरणारा आवाज येतो. क्लच दाबताना मांडी भरून येते. जीटीओच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, त्यामुळे थांबायचा विचार जरा आधीच केलेला बरा. इथे संगणक सांभाळून घेत नाही. चूक झाली तर गाडीचा मागचा भाग घसरून लगेच सांगतो.

हे सगळं दहा वर्षंही टिकलं नाही. तरुण चालकांचे विम्याचे हप्ते भलतेच वाढले. प्रदूषणाचे नियम येऊ घातले आणि कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१मध्ये जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात इंधन-हवा दाबण्याचं प्रमाण, उतरवलं. पुढच्या वर्षी अश्वशक्ती मोजायची पद्धतच बदलली, आणि शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीचं ४५४ घनइंची इंजिन कागदावर ३६५वरून २७०वर आलं. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, तेव्हा पंपावरच्या रांगेत या गाड्या उभ्या करणं परवडेना.

१९९५पासून दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरतो. सिग्नल सुटताच उधळणाऱ्या त्याच गाड्या तिथे दिवसभर एकामागे एक, माणसाच्या चालीने सरकत असतात. मालकांची एक नजर रस्त्यावर, दुसरी इंजिन तापल्याच्या काट्यावर.